एका बोटाएवढा गंज

पहिल्या गोळीचं मत उस्ताद कधी विचारात घेत नसत. रायफलीचं तेल पुसून, ती वाळूच्या पिशवीवर ठेवून पहिली गोळी झाडली, ती नेमकी मधोमध बसली आणि आम्ही मुली "लागली!" म्हणून ओरडलो, की ते मान न उचलता म्हणायचे, "ती झोपंतनं उठलीया. झोपंतलं बोलनं खरं धरता व्हय?" दुसऱ्या गोळीलाही मत नाही. तिसरीपासून पाच मारायच्या, कागद बदलायचा, परत पाच. असे सहा-सात कागद झाले की मग ते चष्मा काढून पुसायचे, आणि तेव्हा कुठे तोंड उघडायचे.

मला हे सहन व्हायचं नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझ्या मते जगातलं सगळं पहिल्याच गोळीत सिद्ध झालेलं होतं. कोण चोर, कोण साव, कुणाच्या बाजूनं उभं राहायचं आणि कुणाच्या दारात घोषणा द्यायच्या, सगळं. आमच्या विद्यार्थी संघटनेत पत्रक कसं लिहायचं हे मला शिकवलं होतं: पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत नाव, शेवटी 'जाहीर निषेध'. मी ते चांगलं लिहायचे. अजूनही लिहिते.

उस्ताद गेले त्याला आता वर्ष होईल. कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी दहाव्याला दोघे जण बोलायला उभे राहिले. एकानं त्यांना थोर देशभक्त केलं, दुसऱ्यानं नेमबाजांचे भीष्माचार्य. दोघांनीही आमच्या रेंजवर कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मी मागं सतरंजीवर बसून दात खात होते. त्या माणसानं आयुष्यात एक खरोखर कठीण गोष्ट केली, आणि ती त्या भाषणांत नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

सैन्यात ते आर्मरर होते. म्हणजे लढणारे नव्हेत, लढणाऱ्यांच्या रायफली दुरुस्त करणारे. तिथं शिकवणाऱ्या प्रत्येकाला उस्ताद म्हणतात, तेच आमच्या तोंडी बसलं. निवृत्तीनंतर ते गावी न राहता सांगलीजवळ कुपवाडला आले आणि एका छोट्या कारखान्यात लेथवर पंपाचे शाफ्ट काढायला लागले. शेजारच्या लेथवरचा कामगार त्यांना चिडवायचा, "उस्ताद, शाफ्ट तेवढा सरळ काडा, गोळी मागनं मारा." उस्ताद त्याला म्हणायचे, "दोनी एकच हाय रं गड्या. वाकडं कुठं हाय ते आदी कळाय पायजे."

रविवारी ते आमच्या कॉलेजच्या रेंजवर यायचे. रेंज म्हणजे काय, उसाच्या फडाला लागून पन्नास मीटरची पट्टी आणि टोकाला मातीचा उंच बांध. उस्ताद एक दिवस आपणहून आले, बांधाची उंची पावलांनी मोजली, "पुरतोय" म्हणाले आणि राहिले. मुलींनाही ते 'गड्या'च म्हणत. कुणी हरकत घेतली की विचारत, "मग काय म्हनू? ताई म्हनलं तर रायफल हलकी हुती का?"

मी जैन घरातली. वडिलांचं सांगलीत हळदीचं दुकान. मी रायफल क्लबात नाव घातलं तेव्हा वडील इतकंच म्हणाले, "मुंगी चुकवून चालायचं आणि बंदूक धरायची? बघ बाई, तुझं तू." एकदा ते मला न्यायला रेंजवर आले आणि अवघडून बाजूला उभे राहिले. उस्ताद त्यांच्यापाशी गेले. "आण्णा, तुमची पोरगी माज्या समद्या पोरींत चाप हळू दाबती. का म्हाईत हाय? तिला कायबी मारायचं न्हाई. मारायची घाई आसती त्याचा हात हिसकतो." पुढच्या रविवारपासून वडिलांनी मला सोडायला येणं सुरू केलं.

बंदुकीचा गाजावाजा उस्तादांना खपत नसे. त्यांच्या गावात एका लग्नाच्या वरातीत कुणीतरी परवान्याची बंदूक त्यांच्या हातात दिली आणि हवेत बार काढा म्हणाला. उस्ताद म्हणाले, "वर गेल्याली गोळी खाली कुठं पडती ते लिवून द्या, मग काडतो." तो चिडला. "मिलिट्रीत काय बटाटी सोलत हुता का?" "व्हय," उस्ताद म्हणाले, "बटाटी बी सोलली. पर मोजून सोलली." बंदूक परत देऊन ते जेवायला बसले.

आता रायफलीचं सांगते.

क्लबात दोन रायफली होत्या. एक नवी, परदेशी, पेटीतली. ती मुलांची. दुसरी आमची. तीही परदेशीच, पण आमच्या आईबापांच्याही आधी जन्मलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नंबर झिजून अर्धा गेलेला. पॉइंट बावीसची, एका वेळी एकच गोळी घेणारी. नवीची किल्ली क्रीडा समितीच्या सचिवांच्या खिशात. मुलं सरावाला नसली तरी ती कुलपात राहायची, आम्हाला मिळायची नाही. का, याचं उत्तर मी चार वेळा लेखी मागितलं. मिळालं नाही.

आम्ही आमच्या रायफलीला म्हातारी म्हणायचो. उस्तादांना ते आवडत नसे. "म्हातारी न्हवं. जुनी. म्हातारं मानूस इसरतंय. हिला समदं ध्यानात ऱ्हातंय. तुमी कवा आपटली, कवा वल्ल्या हातानं धरली, समदं."

त्यांनी आम्हाला गोळी उघडून दाखवली होती. मोठ्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध असतो. या छोट्या गोळीत तो बुडाच्या काठात, आतल्या बाजूनं फिरवलेला असतो. गोळीला ठोकणारी पिन मधे बसत नाही, काठावर बसते. काठ एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असला की गोळी कमीजास्त जोरानं जाते. म्हणून ते कुपवाडहून मायक्रोमीटर आणायचे आणि एकेका गोळीचा काठ मोजून अंड्यांच्या पुठ्ठ्यात वेगवेगळ्या ओळींत लावून ठेवायचे. दोनशे गोळ्या मोजायला त्यांना अख्खी दुपार लागायची. त्या दिवशी चहा वर्ज्य, कारण चहानं हात बोलतो म्हणे.

कागदावर पाच भोकं जवळजवळ पडली की त्याला इंग्रजीत ग्रुप म्हणतात. उस्ताद त्याला घोस म्हणायचे, द्राक्षाचा असतो तसा. घोस कागदावर कुठंही पडो, त्यांची तक्रार नसे. "घोस हितं पडला का तितं पडला, त्याला नेमाची साइट फिरीवता येती. पर मनी सुटं पडलं तर काय फिरीवनार?" मध्यावर लागलेल्या एकट्या गोळीचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. आणि मणी सुटे पडले तर शंका घेण्याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. पहिली शंका स्वतःवर. मग गोळीवर. मग स्क्रूवर. मग लाकडावर. सगळ्यात शेवटी नळीवर. हा क्रम मोडलेला त्यांना चालायचा नाही. मी तो मोडला.

रेश्मा माझी जोडीदार. तासगावकडची, घरात दोन पिढ्या फौजेतल्या, मोजकं बोलणारी. ती आमच्यातली सगळ्यात चांगली नेमबाज होती आणि तिला विभागीय संघात जायचं होतं. घरी तिनं सांगून टाकलं होतं की निवड झाली तर पुढं शिकीन, नाही झाली तर तुम्ही म्हणाल त्या मुलाला बघीन. निवडीच्या दिवशी तिच्या दहापैकी आठ गोळ्या घोसात बसल्या आणि दोन खाली उजवीकडं भरकटल्या. निवड हुकली. पुढच्या निवडीला पाच महिने होते. घरच्यांनी तेवढी मुदत दिली, वर एक दिवस नाही.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'मुलींच्या हाती भंगार!' कॉलेजच्या संस्थेनं नळी खराब झालेली, निकामी रायफल जाणूनबुजून मुलींना दिली आहे, असं मी त्यात लिहिलं. सचिवांचं नाव घेतलं. ते कॉलेजच्या फाटकावर वाटलं, बसस्टँडवर वाटलं. लोकांनी वाचलं. मला फार बरं वाटलं.

रविवारी मी एक प्रत उस्तादांना दिली. त्यांनी ती उभ्यानं वाचली. दोनदा वाचली. मग चौपदरी घडी घातली आणि विचारलं, "किती गोळ्यांवर लिवलंस?"

"म्हणजे?"

"ह्ये नळी खराब हाय म्हून. किती गोळ्यांवर?"

"रेश्माच्या दहा गोळ्या..."

"आठ बसल्या. दोन गेल्या. दोन गोळ्यांवर पत्रक?"

मी उसळले. म्हणाले, नवी रायफल मुलांना आणि जुनी मुलींना, हे खोटं आहे का? ते म्हणाले, "ते खरं हाय. ते लिव की. पर त्येच्या आंगाला ह्ये बांदलंस. ह्ये सुटलं की ते बी सुटतंय."

आणि तसंच झालं. संस्थेनं माझं पत्रक वाचून दाखवलं आणि म्हटलं, मुलींचीच तक्रार आहे की रायफल निकामी आहे, तर ती आम्ही मोडीत काढतो. नव्या रायफलीचा शब्द नाही. मुलींचा विभाग बंद, कारण सुरक्षितता. माझंच वाक्य, माझाच शब्द, निकामी. असा राग मला पुन्हा कधी आला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

उस्ताद सचिवांना भेटायला गेले. मी आणि रेश्मा मागं उभ्या. उस्ताद म्हणाले, "सायेब, मोडीत काडायच्या आदी तपासा. एक म्हयना द्या." सचिवांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. "पन्नास मीटरवर दहा गोळ्या याच्याखाली झाकून दाखवा. रायफल तुमची." उस्तादांनी नाणं उचललं, उलटंपालटं केलं. "झाकल्या न्हाई, शिवल्या म्हना. धा च्या धा भोकांना नानं शिवलं पायजे." सचिव हसले. "बरं, शिवल्या."

मग चार रविवार.

उस्तादांनी आपल्या जुन्या फौजी पँटचे पाय कापून पिशव्या शिवल्या होत्या आणि त्यात कृष्णेची वाळू चाळून भरली होती. रायफल त्यावर अशी बसवली की माणसाचा संबंध फक्त एका बोटाचा. म्हणजे स्वतःवरची शंका संपली. मग गोळ्या, तीन वेगळ्या पेट्यांतल्या, काठ मोजून निवडलेल्या. एका पेटीच्या गोळ्यांनी घोस लहान झाला, पण दोन मणी बाहेर पडतच राहिले. खाली उजवीकडं, घड्याळात पाच वाजतात त्या दिशेला. मग स्क्रू. खडूची खूण करून पाव-पाव फेरा आवळायचा आणि दर वेळी पाच गोळ्या. फरक पडला, पण मणी सुटेच.

मग लाकूड. दस्ता ओलीनं फुगून नळीला एका बाजूनं चिकटतो का हे बघायला पातळ कागदाची पट्टी हवी होती. उस्तादांनी खिसा चाचपला आणि चौपदरी घडीतलं माझं पत्रक काढलं. 'जाहीर निषेध' लिहिलेली पट्टी फाडून त्यांनी नळी आणि लाकडाच्या मधून सरकवली. ती अर्ध्यात अडकली. "बघ," ते म्हणाले, "तुजं पत्रक कामाला आलं." रेश्मा खो खो हसली. मीही शेवटी हसले. त्यांनी लाकूड तेवढ्यापुरतं पॉलिश पेपरनं घासलं, पट्टी आरपार गेली, आणि घोस एकदम आवळला. दहापैकी नऊ नाण्याला शिवत होत्या. एक मात्र पाच वाजता.

"आता ऱ्हायली नळी," उस्ताद म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर आलं असणार. म्हणाले, "तुजंच बरोबर निगालं तर मीच पयला सांगीन."

नळीतून गोळी सुटते तिथला गोल काठ, त्याला ते नळीचा ओठ म्हणत. गोळी जग बघते ती त्या ओठावरून. तिथं केसाएवढा खड्डा असला तरी मागची हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि गोळीला धक्का देते. त्यांनी कापसाचा बोळा काडीला गुंडाळून ओठावरून हळू गोल फिरवला. एका जागी कापसाचा धागा अडकून राहिला. पुन्हा फिरवला. तिथंच. भिंग लावून बघितलं. गंज. नखाच्या टोकाएवढा खड्डा आणि त्याभोवती एक बोट टेकेल एवढा तांबूस डाग.

उस्तादांनी भिंग खाली ठेवलं. वारा नव्हता. उसाचं पातंही हलत नव्हतं. रेश्मानं विचारलं, "काय झालं, उस्ताद?" त्यांनी आपल्या उजव्या हाताची करंगळीजवळची अनामिका वर केली आणि तिच्याकडं बघितलं. मग ती त्या डागापाशी नेली. बोट डागावर बरोबर बसलं.

"कुकू," ते म्हणाले. "माजं बोट हाय ह्ये."

खंडेनवमीला आम्ही रेंजवर शस्त्रपूजा करायचो. झेंडूची माळ, हळद, आणि उस्तादांच्या हातानं नळीच्या ओठाला ओलं कुंकू. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईपर्यंत ते कुणी पुसायचं नाही, असा त्यांचा नियम. माझ्या पहिल्या वर्षी मी ते कपड्यानं पुसलं होतं, तेव्हा ते माझ्यावर एकदाच मोठ्यानं ओरडले होते. ओल्या बोटानं, त्याच जागी, दरवर्षी. एक रात्र, एक दिवस. इतर वेळी आम्ही कुणी घामाच्या हातानं लोखंडाला शिवलो तर अख्खी रायफल पुसायला लावणारा माणूस.

मी घरी वडिलांना विचारलं. त्यांनी दुकानातलं कुंकू चिमटीत घेऊन दाखवलं. "यात हळद कितीशी असते आता? रंग असतो, आणि काय काय असतं ते बनवणाऱ्याला माहीत. पाणी लागलं की सोडत नाही."

खरं सांगते, नळी खराबच निघाली म्हणून मला आधी आनंद झाला. पत्रकाची दुसरी ओळ मनात तयारही झाली होती. ती लिहायला मी पेन काढलं आणि समोर त्यांचं बोट आलं. पेन परत ठेवलं.

स्क्रू आवळणं म्हणजे देखभाल, पण लोखंड घासणं म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीला संस्थेची लेखी परवानगी लागते. उस्ताद कागदाशिवाय पान्याला हात लावणारे नव्हते. त्यांनी अर्ज लिहिला. मी तो वाचला आहे. दोष: नळीच्या तोंडाला गंज. कारण: दरवर्षी शस्त्रपूजेत ओले कुंकू लावून तसेच ठेवणे. लावणारा: मी स्वतः. खाली सही.

मी म्हणाले, "कारण कशाला लिहिता? गंज लिहा, बास. ते तुम्हाला काढून टाकतील." ते म्हणाले, "काडू देत. गंज कशानं आला ते लिवलं न्हाई तर फुडचा मानूस परत कुकू लावील."

सचिवांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. त्यांनाही ते नको होतं. "कुंकू लिहू नका हो. लोकांत वेगळं पसरतं. दमट हवा लिहा. नदीकाठचं गाव आहे आपलं."

उस्ताद उभे होते. "सायेब, दमट हवा चारी बाजूनं येती. ह्यो गंज एका बोटाएवढा हाय."

अर्ज तसाच दाखल झाला. ऑफिसच्या व्हरांड्यात, सचिवांच्या समोर, उस्तादांनी फरशीवर बसून दुरुस्ती केली. नळीत कापूस कोंबला, पितळी गोल डोक्याचा स्क्रू घेतला, त्याला इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि तो ओठावर बोटांनी फिरवत राहिले. जोर नाही, घाई नाही. मध्येच थांबून कापूस फिरवायचे. धागा अडकला की परत. दोन तासांनी धागा अडकला नाही. ते उठले, हात पुसले, आणि शिपायानं त्यांच्या हातात एक पत्र दिलं. शस्त्राच्या देखभालीत निष्काळजीपणा झाल्याचं स्वतः मान्य केल्यामुळे पुढील आदेशापर्यंत रेंजवर प्रवेश करू नये.

तो पुढील आदेश कधी निघाला नाही. उस्ताद गेले तरी निघाला नाही. खरं लिहिणाऱ्याला बाहेर आणि दमट हवा लिहा म्हणणारा खुर्चीत, हे मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. हे मात्र दोन गोळ्यांवर बोलत नाही. माझ्याकडे कागद आहेत.

उस्तादांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "पयल्या पत्रकातलं नळी मुद्दाम खराब दिल्याचं खोटं हाय ते काड. रायफलीचं, पोरापोरींचं, किल्लीचं, ते ऱ्हाऊ दे." संघटनेतले म्हणाले, माघार घेतली की माणूस संपतो. मी लिहिलं. 'मागच्या पत्रकात संस्थेनं जाणूनबुजून खराब रायफल दिली असं आम्ही म्हटलं. ते खोटं होतं. नवी रायफल मुलींना का मिळत नाही, हा प्रश्न खरा आहे.' त्याच फाटकावर वाटलं, त्याच बसस्टँडवर. एक जण वाचून म्हणाला, "काय ताई, रायफल सुधारली का तुम्ही?" सचिवांनी पहिलं वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं आणि शेवटचं वाचलं नाही. किल्ली खिशातच राहिली.

चाचणीच्या दिवशी उस्ताद पहिल्या पाळीला सुट्टी टाकून आले आणि रेंजच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून उभे राहिले. आतलं त्यांना काही दिसत नव्हतं. नियमाप्रमाणे रेश्मा आडवी झाली, रायफल खांद्याला लावली. सुरुवातीच्या दोन बांधावर सोडल्या, मग दहा कागदावर. सचिवांनी कागद आणवला, खिशातलं नाणं ठेवलं, सरकवलं. दहाही भोकांना नाणं शिवलं. त्यांनी सही केली.

मी कागद घेऊन धावत बाहेर आले. रेश्मा माझ्यामागं, रायफल आत ठेवून. "उस्ताद, झालं! सही झाली!"

त्यांनी कागद हातात घेतला नाही. लांबूनच बघितला. "ह्यो एकच?"

"एकच मागितला त्यांनी."

"त्यांनी एक मागटला. तुमाला किती पायजेत?"

मला समजेना. "आता पास झाली रायफल. दुसरा कागद बिघडला तर सही फाडतील ते!"

"फाडू देत. फाडली तर खरं म्हून फाडतील."

मग मी त्यांच्यावर ओरडले. रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तुम्हाला आमची पर्वा नाही, तुम्हाला फक्त तुमचे कागद हवेत, असं काहीबाही. मग ते माझ्याशी नाही, रेश्माशी बोलले. "गड्या, दोन म्हयन्यांनी तू निवडीला जाशील. एक गोळी भाईर गेली तर तू कुनाकडं बगशील? रायफलीकडं का सवताकडं? तितं आडवं पडल्यावर ठरवत बसू नगं. आजच ठरीव."

रेश्मानं एकदा फाटकाकडं बघितलं. परत आत गेली.

मी बाहेरच थांबले. आम्ही दोघं आवाज मोजत होतो. पहिल्या दोन. मग एक, दोन, तीन. उस्तादांचे डोळे मिटलेले. सातवी आणि आठवी पाठोपाठ आल्या, जरा जास्तच पाठोपाठ, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. नववी. मग दहावी.

रेश्मा स्वतः कागद घेऊन आली. नऊ भोकं नाण्याखाली आवळून बसलेली आणि एक बाहेर, सरळ डावीकडं. "सचिव बघून गेले," ती म्हणाली. "म्हणाले, मी एक मागितला होता, तो दाखल आहे." मग तिनं त्या बाहेरच्या भोकावर बोट ठेवलं. "ही आठवी. श्वास सोडला न्हवता. घाई केली. ही माझी हाय, उस्ताद."

उस्तादांनी तो कागद मात्र हातात घेतला. दोन्ही हातांनी धरून उन्हाकडं केला. "नवाला गेलीया," ते म्हणाले. "पाचाला न्हाई." मग कागद तिच्या हातात परत दिला. "सुटली रायफल. आता चुका तुमच्या."

एवढं बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली. दुसरी पाळी दोनला सुरू होत होती.